तिसरा पुकारा

त्या सिनेमाबद्दल विचारायला वर्षाकाठी एखादा तरी माणूस येतोच. हल्ली जरा जास्तच येतात. पडवीत बसतात, सोलकढी पितात, वही काढतात आणि सगळे तेच दोन प्रश्न विचारतात. पहिला असा, की सुरुवातीच्या दृश्यात टेबलावरच्या पाकिटावर 'माधव' असं नाव दिसतं, पण पुढे सिनेमाभर त्या मेलेल्या साक्षीदाराला सगळे 'जगन्नाथ' म्हणतात. एवढी मोठी चूक राहिली कशी? दुसरा प्रश्न कोर्टाच्या दारात पुकारा करणाऱ्या म्हाताऱ्या पट्टेवाल्याबद्दल. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर तो वळतो, त्याचे ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाही. तो काय म्हणतो?

मी म्हणतो, "जुना सिनेमा तो, राहतात चुका." मग ते हिरमुसून जातात. खरं सांगायचा मला कंटाळा येतो. सिनेमाचं सांगून भागत नाही, बाबलतात्यांचं सांगावं लागतं, आणि ते सांगून झालं की दोन दिवस माझं जेवणात लक्ष लागत नाही. आता माझंही वय झालंय. एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या माणसाच्या हातात कागद ठेवला की मी सुटलो.

बाबल धुरी आमच्या तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. मी त्याच कोर्टातल्या एका वकिलांचा कारकून. घरंही एकाच वाडीत, त्यामुळे सकाळी कोर्टात जाताना आणि संध्याकाळी परतताना आमची सोबत असायची. सोबत म्हणजे ते पुढे आणि मी चार पावलं मागे. बोलणं फारसं नाही. उंच, किंचित वाकलेला माणूस, अंगात खाकी कोट, छातीवर आडवा पट्टा आणि त्यावर पितळेचा बिल्ला. तो बिल्ला ते रोज सकाळी चिंचेने घासायचे. जज्जाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर कोळिष्टकं असायची, पण तात्यांचा बिल्ला कधी काळा दिसला नाही. कोर्टात ते अनवाणी वावरत. वहाणा पायरीखाली ठेवायच्या आणि त्यावर छत्री आडवी. "देवळात जातव तसाच हयसर," एवढंच त्याचं कारण.

त्यांचं काम पुकाऱ्याचं. खटल्याची वेळ झाली की दारात उभं राहून पक्षकाराच्या नावाने तीन हाका मारायच्या. माणूस आला तर आला. नाही आला तर आत वळून जज्जसाहेबांना 'गैरहाजर' म्हणून सांगायचं. मग त्या माणसाच्या पाठीमागे निकाल लागला तरी त्याची तक्रार चालत नाही. इतर कोर्टांतले पट्टेवाले तीनही हाका एका दमात मारून मोकळे व्हायचे. मी रत्नागिरीला पाहिलंय, तिथला एकजण तर पानाचा तोबरा न काढताच पुकारायचा.

तात्यांची रीत निराळी. पहिला पुकारा रस्त्याकडे तोंड करून. मग थांबायचं. दुसरा खाडीकडे, तरीच्या, म्हणजे पलीकडून येणाऱ्या होडीच्या, धक्क्याच्या दिशेने. मग आणखी थांबायचं. तिसरा वडाकडे, कारण उशिरा आलेली, घाबरलेली माणसं तिथे येऊन उभी राहत आणि त्यांना पुढे यायचा धीर नसे. हाक मारताना बापाचं नाव घेतल्याशिवाय ते कुणाचं नाव घेत नसत. आवाज मोठा नव्हता, लांब होता. धक्क्यावर मासळी उतरवणारी माणसंसुद्धा ऐकून म्हणायची, "भिकाजी रामा गावड्याची केस इली वाटता."

या थांबण्यावरून जज्जसाहेबांची आणि त्यांची नेहमी जुंपायची. जुंपायची म्हणजे साहेब बोलायचे आणि तात्या खाली बघायचे.

"धुरी, तुमच्या तीन पुकाऱ्यांत माझा अर्धा दिवस जातो."

"माणूस लांबून येतो, साहेब," तात्या कोर्टातल्या मराठीत म्हणायचे. बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "साहेबाच्या घड्याळात भरती-सुकती नसता, बापू."

त्यांचं खरं होतं. मसुऱ्याकडची माणसं पहाटे निघून चालत यायची, मग तरीतून खाडी ओलांडायची. ओहोटीला तर चिखलात रुतली की सगळाच खोळंबा. एकदा मसुऱ्याच्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घराची केस होती. पुतणे घर बळकावायला बसलेले. दोन पुकारे झाले, म्हातारीचा पत्ता नाही. पुतण्यांचा वकील उठून उभा राहिला. तात्या दारात उभे, तोंड वडाकडे. साहेबांनी दोनदा टेबलावर पेन्सिल आपटली. शेवटी तात्यांनी तिसरा पुकारा केला तो एवढा लांबवला, की त्याचं शेवटचं अक्षर संपायच्या आत म्हातारी चिखलाने माखलेलं गुडघ्यापर्यंतचं लुगडं तसंच धरून पायरीवर आली. घर राहिलं. तिने नंतर तात्यांच्या घरी फणस पाठवला. तात्यांनी तो परत पाठवला, कारण पक्षकाराकडचं काही घ्यायचं नाही. मला वाटतं त्या दिवशी त्यांच्या घरच्यांचा जीव त्या फणसासाठी फार हळहळला असेल.

घरचे म्हणजे कोण, तर एक सून, शेवंता. बायको आधीच गेलेली. मुलगा एकच, जगन्नाथ. तो एका गलबतावर खलाशी होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा ते गलबत कौलं भरायला मंगळूरकडे गेलं आणि परत आलं नाही. फळी नाही, डोलकाठीचा तुकडा नाही, कुणाचं प्रेत नाही. बाकीच्या खलाशांच्या घरांनी वर्षा-दोन वर्षांनी दिवस घालून घेतले. तात्यांनी घातले नाहीत. शेवंताचं कुंकू तसंच राहिलं.

आता कायदा असा आहे, की सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं धरता येतं. अर्ज करायचा, पेपरात नोटीस द्यायची आणि तारखेला त्या माणसाच्या नावाचा कोर्टाच्या दारात पुकारा करायचा. कोणी आलं नाही की बायको मोकळी. हे तात्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. अशा दोन-तीन प्रकरणांत पुकारे त्यांनीच केलेले. सात वर्षं झाली तेव्हा शेवंता पंचविशीची होती. मसुऱ्याच्या शाळेतले एक मास्तर, बायको गेलेले, स्वभावाने गरीब, त्यांनी तिच्या भावाकडे विचारणा केली. भावाने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. मी तो घेऊन शेवंताकडे गेलो. ती विहिरीवर होती. तिने घागर खाली ठेवली, अर्ज वाचला आणि परत दिला.

"मामंजी व्हय म्हणतले, तेव्हा सही करतलंय."

मी तात्यांना संध्याकाळी वाटेत विचारलं. ते चालतच राहिले. मागे न बघता म्हणाले, "आचऱ्याचो एक खलाशी धा वर्सांनी परत इललो."

"तात्यानू, तो तुरुंगात होतो. सगळ्यांका ठावक होता खंय आसा तो."

"इलो ना पण?"

अर्ज माझ्या कपाटात पडून राहिला, तारखेची जागा मोकळी. दोन वर्षं गेली. मास्तर थांबले होते, शेवंता थांबली होती, आणि तात्या रोज दारात उभे राहून लोकांच्या नावाने हाका मारत होते. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. दुसऱ्याच्या घराला एवढा वेळ देणारा माणूस, आणि आपल्या घरातल्या पोरीचं आयुष्य असं उंबऱ्यात अडकवून ठेवतो. पण त्यांच्यासमोर गेलं की राग टिकत नसे. त्यांचा चेहराच एवढा दमलेला असायचा.

अशात ते सिनेमावाले आले. साठ सालानंतरची गोष्ट. कथा अशी की एका खुनाच्या खटल्यात निरपराध बाई अडकलेली असते, आणि तिला सोडवू शकेल असा एकच साक्षीदार, तो आधीच मेलेला. तिचा वकील हट्टाने त्याच मेलेल्याला साक्षीला बोलावतो, कोर्ट हसतं, पट्टेवाला तीनदा पुकारतो, आणि तिसऱ्या पुकाऱ्याला दार आपोआप उघडतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

खऱ्या कोर्टात परवानगी मिळाली नाही म्हणून त्यांनी धक्क्यावरच्या मिठाच्या जुन्या वखारीत कोर्ट उभं केलं. आमच्या वकिलांनी आपला काळा गाऊन दिला आणि त्याबरोबर मलाही दिलं. जज्जाच्या टेबलावरची सगळी कागदपत्रं माझ्या हातची आहेत. नीट पाहिलंत तर त्यात आमच्या वाडीची किराणा यादीही सापडेल. धुकं म्हणून जे दिसतं तो ओल्या सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा धूर. त्याने आत बसलेल्यांचे डोळे असे चुरचुरायचे, की रडण्याच्या प्रसंगाला कुणाला वेगळं रडावं लागलं नाही. भूत झालेला नट मुंबईचा, देखणा, पण तिसऱ्यांवर, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांवर, ताव मारून तीन दिवस पोट धरून पडला. समुद्राचा आवाज मशीनमध्ये येतो म्हणून बोलण्याची दृश्यं फक्त ओहोटीला घ्यायची, आणि ओहोटी कधी ते तात्यांना विचारायचं, असं ठरलं. तात्यांना पट्टेवाल्याचं काम दिलेलं. त्यांनी आधी साहेबांची लेखी परवानगी घेतली आणि सरकारी पट्टा घरी ठेवून सिनेमावाल्यांचा खोटा पट्टा घातला. त्याचा बिल्ला मात्र चिंचेने घासला.

पहिल्याच दिवशी गावकरी आडवे आले. राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय वखारीत दिवा लावायचा नाही. दिग्दर्शक शिकलेला माणूस, पण समोर चाळीस जण उभे पाहून गप्प बसला. गाऱ्हाणं घालायला तात्याच पुढे झाले. पानाच्या विड्यावर नारळ ठेवला, हात जोडले, आणि दारातल्या पुकाऱ्याच्याच त्या लांब आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या वखारीच्या राखणदारा! आज हयसर ही मुंबयची माणसा खोटा कोर्ट मांडूक इलेली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावकरी एका सुरात.

"खोटो जज्ज, खोटो वकील, मेललोय खोटोच! ती लेकरा आसत, तेंका कळणा नाय! तेंची काय चूकभूल झाली तर पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या खोट्या कोर्टात कोणाच्या तोंडातसून खरा भायर पडला, तर तेचा वायट होव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या गाऱ्हाण्याने दिग्दर्शकाला पुढे फार छळलं. कोर्टात बघे म्हणून बसवलेली माणसं तीच. वकील झालेला नट हात वर करून भाषण ठोकायला लागला, "हे न्यायदेवते! या अभागी स्त्रीला न्याय मिळणार नसेल, तर हे मंदिर कशाला?" आणि दम घ्यायला थांबला. त्याबरोबर चाळीस जणांनी गर्जना केली, "व्हय म्हाराजा!" फिल्म फुकट गेली. समजावून पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. त्यांच्या हातात नव्हतंच ते. लहानपणापासून त्या सुरात कुणी थांबला की तोंडातून दुसरं काही निघतच नाही. तिसऱ्यांदा झालं तेव्हा दिग्दर्शक डोकं धरून खाली बसला. तात्या उठले आणि लोकांपुढे जाऊन म्हणाले, "रे, हो देव न्हय, वकील आसा. वकिलाक कधी कोण व्हय म्हणता?" मग जमलं.

आता पुकाऱ्याचा दिवस. दिग्दर्शकाने तात्यांना सांगितलं, "माधव अमुक अमुक हाजीर हो, असं तीनदा म्हणायचं. मग वळून उभं राहायचं. काही बोलायचं नाही. मागे दार उघडेल." दार उघडायला कडीला मासेमारीची दोरी बांधलेली. ती ओढायला वखारीच्या मागे पेद्रू बसायचा. पेद्रू पाग टाकून मासे धरणारा, जगन्नाथच्या वयाचा, त्याच्याच बरोबर पोहायला शिकलेला. दोरी हातात घेण्यापूर्वी तो रोज क्रूस काढायचा.

तात्यांनी विचारलं, "हे माधव म्हणजे मेलेले ना?"

"हो."

"मग मला जमायचं नाही, साहेब. मेलेल्या माणसाला उंबऱ्यावरून तीन हाका मारायच्या नसतात. तिसऱ्या हाकेला तो येतो."

"अहो, येऊ दे की! आम्हाला तेच पाहिजे."

तात्यांची शुद्ध मराठी तेवढ्यावर संपली. "आणि मगे तेका परत धाडूचो हुकूम कोण देतलो? तुमचो जज्ज तर नाटकातलो!"

कुणी हसलं नाही. बघ्यांपैकी निम्म्यांना ते पटलेलंच होतं. दिग्दर्शकाने विनवण्या केल्या, चिडला, माधव नावाचा कुणी माणूस नाहीच असं सांगून पाहिलं. तात्यांचं एकच, की नाव घेतलं म्हणजे कुणीतरी असतोच. ओहोटी संपत आलेली. तासाभरात समुद्र पुन्हा बोलायला लागणार. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं, मग जिवंत माणसाचं घ्या नाव. कुणाचंही घ्या. नंतर आम्ही बघू काय करायचं ते."

"जित्याचा?"

"हो, जिवंताचं. पण घ्या आता."

तात्यांनी मान हलवली आणि दारात जाऊन उभे राहिले. बायकांच्या बाकावर तिसऱ्या रांगेत शेवंता होती. शेजारणीने आग्रह करून आणलेली. मी जज्जाच्या टेबलामागे कागद सावरत उभा. दिवे लागले, मशीन सुरू झालं. वखारीला रस्ता नव्हता, खाडी नव्हती, वड नव्हता. होती एक पांढरी भिंत. तरी तात्यांनी उजवीकडे तोंड केलं.

"जगन्नाथ बाबल धुरी, हाऽऽजीर होऽऽ!"

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. सिनेमावाल्यांना काही कळलं नाही. गावातल्या माणसांना कळलं. खोकणारी खोकायची थांबली. कुणीतरी कडेवरच्या पोराला छातीशी घट्ट धरलं. तात्या थांबले. नेहमी थांबायचे तेवढेच. पायवाटेवरून माणूस यायला लागतो तेवढे.

मग दुसरीकडे वळून दुसरा.

पुन्हा थांबले. दिग्दर्शकाने तोंडावर हात धरलेला. त्याला वाटलं असेल, काय नट सापडला. नऊ वर्षं त्या माणसाने हे नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. घरात नाही, देवळात नाही. दिवस घातले नाहीत म्हणून पिंडालाही नाही. आणि आता जिवंत माणसाचं घ्या म्हटल्यावर त्याला दुसरं नाव सुचलं नाही. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

तिसरा पुकारा त्यांनी खूप लांबवला. मसुऱ्याच्या म्हातारीसाठी लांबवलेला, त्याहून लांब. आवाज विरला. पायरीवर कुणी आलं नाही. आणि मग तात्या वळले, आणि तीस वर्षं वळल्यावर जे तोंडातून निघायचं तेच निघालं.

"गैरहाजर, साहेब."

कागदात तो शब्द नव्हता. कुणी त्यांना तो सांगितला नव्हता. शब्द गेला आणि मग तात्यांनी तो ऐकला. तोंड तसंच उघडं, नजर त्या खोट्या जज्जावर. सिनेमात तो चेहरा जेवढा वेळ दिसतो तेवढा वेळ तो खरोखर तसा होता, कारण मागे पेद्रूने दोरी ओढलीच नाही. नंतर मला म्हणाला, "बापू, माझो हात उठलोच नाय रे." मग कुणीतरी त्याला ढोसलं आणि दार उघडलं.

दिग्दर्शकाने येऊन तात्यांना मिठी मारली. असा पुकारा पुन्हा मिळणार नाही हे त्याला कळलं होतं. त्याने पुढच्या सगळ्या दृश्यांत मेलेल्याचं नाव जगन्नाथ करून टाकलं. पाकिटाचं दृश्य तेवढं आधीच मुंबईत काढलेलं, ते राहून गेलं. 'गैरहाजर' हा शब्द कापला, कारण भूत तर येणार होतं. ही तुमची चूक आणि हा तुमचा शब्द.

लोक उठले, पांगले. शेवंता बाकावरून बराच वेळ उठली नाही. मग उठली आणि कुणाशी न बोलता वाटेला लागली. एरवी ती सासऱ्याच्या मागे चालायची. त्या दिवशी ती पुढे होती, आणि तात्या खोटा पट्टा काढायचं विसरून मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट उघडायच्या आधी ते आमच्या ऑफिसात आले. वहाणा बाहेर.

"बापू, तो कागद खंय आसा?"

"कुठलो, तात्यानू?"

"झिलाचो."

मी जगन्नाथचा अर्ज कपाटातून काढला. त्यांनी वाचला नाही, नुसता हातात धरला. "घाल आता. शेवंताक मी सांगलंय."

मला बोलल्यावाचून राहवेना. "तात्यानू, ता खोट्या कोर्टात झाला. मनाक लावन घेव नका."

"कोर्ट खोटा आसात," ते म्हणाले, "पुकारो खरो होतो. मी थांबलंय, बापू. तू बघलंस मा? मी व्हया तेवढो थांबलंय."

मी हो म्हटलं.

अर्ज गेला, नोटीस लागली, महिने उलटले. तारीख आली त्या दिवशी तात्यांनी रजा घेतली होती. मी विचारलं होतं, पुकारा तुम्ही करणार का? तर म्हणाले, "माझो झालो." पांढरा सदरा घालून ते बाहेरच्या बाकावर बसले, इतर पक्षकारांमध्ये, मांडीवर छत्री. पहिल्यांदाच त्यांना बिल्ल्याशिवाय कोर्टात पाहिलं, आणि ते एकदम कुणीतरी गावाहून आलेले म्हातारे वाटले. पुकाऱ्याला नवा पट्टेवाला, नामा. तो बिचारा घाबरलेला. आपल्याच वरिष्ठाच्या मुलाचं नाव. त्याने एका दमात तीन हाका उरकल्या आणि आत वळला.

बाकावरून तात्यांचा आवाज आला. मोठा नाही. "रे नामा, सावकाश. पायऱ्यो चढूक वेळ तरी दी."

आत साहेबांनी ऐकलं. हे तेच साहेब, अर्धा दिवस जातो म्हणणारे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पुकारा बरोबर झाला नाही," ते म्हणाले. "पुन्हा करा. धुरी करतात तसा करा."

नामाने पुन्हा केला. रस्त्याकडे, खाडीकडे, वडाकडे. प्रत्येक वेळी थांबला. साहेब थांबले, वकील थांबले, शेवंता खाली मान घालून थांबली. तरीतून दोन कोळणी टोपल्या घेऊन उतरल्या. दुसरं कुणी उतरलं नाही. तात्या धक्क्याकडे बघत होते. नामा आत वळला आणि तो शब्द म्हणाला. तात्या मग उठले, छत्री काखेत मारली आणि घरी गेले.

शेवंताचं मसुऱ्याच्या मास्तरांशी लग्न झालं. तात्या तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तरीतून तिला पोचवायला गेले. वाटेत चिखल होता. आंगणेवाडीच्या जत्रेला ते दर वर्षी तिच्याकडे जेवायला जायचे, आणि मास्तर त्यांना सख्ख्या सासऱ्यासारखं वागवायचे. तिला मुलगा झाला तेव्हा नाव काय ठेवू म्हणून तिने विचारलं. तात्या म्हणाले, "माधव ठेव." मला ते ऐकून हसू आलं, आणि मग आलं नाही.

सिनेमा आमच्या गावातल्या थेटरात यायला दीड-दोन वर्षं लागली. तोवर तात्या निवृत्त झाले होते. दुपारचा तीनचा खेळ. आठवडाभर मुक्काम होता. गाव लोटलं. प्रत्येकजण आपलं डोकं बघायला आलेला, 'तो बघ मी' म्हणून ओरडणारा. तात्या रोज यायचे. रोज मागच्या रांगेत, दाराजवळ. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला नट झाल्याचं चढलंय.

शेवटच्या दिवशी मला कामातून यायला उशीर झाला. थेटराच्या पायरीवर पोचलो तर आतून तात्यांचा आवाज येत होता. तिसरा पुकारा, तो लांबच लांब. तो विरत होता तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि तात्या स्वतःच बाहेर आले. डोअरकीपरने त्यांच्यासाठी पडदा धरून ठेवला होता. त्यालाही सवय झालेली असावी. बाहेर लख्ख ऊन. त्यांनी डोळे बारीक केले. आत बायका किंचाळल्या, म्हणजे दार उघडलं होतं.

मी विचारलं, "तात्यानू, हयसरच उठलात? खरी गंमत तर आता आसा. दार उघडला मा!"

"उघडता रे," ते म्हणाले, "रोज उघडता. पण येता तो दुसरोच."

त्यांनी छत्री उघडली, पायऱ्या उतरले आणि धक्क्याच्या वाटेने चालू लागले. त्यानंतर त्यांनी फार दिवस काढले नाहीत. पावसाळ्याच्या आधीच गेले.